काट्यावरचे वजन, ताटातले वजन

स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याशेजारी मी एक वही ठेवते. तिच्यात पाककृती नाहीत. बीफचा कोणता तुकडा आणला, कच्चा असताना तो किती भरला, हाडे, पापुद्रे आणि वरची चरबी काढल्यावर किती उरला, शिजल्यावर ताटात किती आला आणि खाताना कसा लागला, एवढेच तिच्यात लिहिलेले असते. ही नोंद सुरू झाली ती एका साध्या शंकेतून. खास प्रसंगी सर्वांत महाग तुकडा आणायचा, तो निगुतीने शिजवायचा, आणि जेवण झाल्यावर जिभेवर मात्र आठवड्यापूर्वीच्या एखाद्या स्वस्त तुकड्याची चव रेंगाळत राहायची, असे इतक्या वेळा झाले की आपण नेमके कशाचे पैसे मोजतो आहोत, हे मला तपासून पाहावेसे वाटले.

महाग तुकडा म्हणजे बहुतेक वेळा फिले, ज्याला अंडरकट असेही म्हणतात. कमरेच्या मणक्यांच्या खालच्या बाजूला, पोटाच्या पोकळीच्या छताला चिकटून असलेला हा लांबट, एका टोकाला निमुळता होत जाणारा स्नायू आहे. जनावराचे वजन पेलण्याचे, त्याला पुढे नेण्याचे, त्याची मान उचलण्याचे काम दुसरेच स्नायू करतात. याच्या वाट्याला फार थोडे श्रम येतात. स्नायूतल्या धाग्यांना एकत्र बांधून ठेवणारे कोलॅजनचे जाळे त्यामुळे येथे विरळ राहते, आणि सुरी टेकताच मांस तुटते. एका जनावरात असे दोनच स्नायू असतात आणि दोन्ही मिळून त्याच्या एकूण मांसाचा अगदी लहान हिस्सा भरतात. मऊपणा आणि दुर्मीळपणा या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की दर चढतो, त्यात नवल नाही. पण या हिशेबात चव कोठेच येत नाही, हे ध्यानात यायला मला बराच काळ लागला.

मऊपणा मोजता येतो, हे त्यामागचे एक कारण असावे. मांसाच्या संशोधनात वॉर्नर-ब्रॅट्झलर नावाची एक चाचणी आहे; शिजवलेल्या मांसातून धाग्यांच्या दिशेने 1.27 सेंटिमीटर व्यासाचे गोल नळकांडे काढतात आणि ते आडवे कापायला किती जोर लागतो ते यंत्रावर पाहतात. एक आकडा मिळतो, आणि त्या आकड्यावरून निरनिराळ्या स्नायूंची उतरंड लावता येते. चवीचा असा एकच आकडा काढता येत नाही. बीफला बीफची चव देणारी द्रव्ये अनेक आहेत: लोहयुक्त मायोग्लोबिन, सुटी अमिनो आम्ले, कत्तलीनंतर स्नायूतल्या ऊर्जाद्रव्यांचे विघटन होऊन तयार होणारी न्यूक्लिओटाइडे, आणि तापल्यावर सुगंध सोडणारी चरबी. यांचे प्रमाण स्नायूगणिक बदलते, आणि जो स्नायू सतत राबतो त्याच्यात चवीच्या या सामग्रीचा साठा बहुधा मोठा असतो. प्राणवायू साठवण्यासाठी त्याला मायोग्लोबिन अधिक लागते, म्हणून तो गडद लाल दिसतो. जळणासाठी त्याच्या धाग्यांत चरबीही असते. राबणे आणि चव यांचा संबंध असा सरळ आहे, आणि राबणे आणि चिवटपणा यांचाही. बाजार यातल्या दुसऱ्या संबंधाची शिक्षा देतो आणि पहिल्याचे श्रेय देत नाही.

श्वासपटलाचे उदाहरण घ्यावे. छाती आणि पोट यांच्या मधला हा पडदा जनावर जन्मल्यापासून मरेपर्यंत एक क्षणही थांबत नाही. त्याच्या कडेची पातळ पट्टी स्कर्ट म्हणून विकली जाते, आणि त्याच पडद्याचा कण्याजवळचा, लोंबता, जाड भाग म्हणजे हँगर. दोन्ही गडद लाल, दोन्हींचे धागे जाड आणि डोळ्यांना स्पष्ट दिसणारे, आणि दोन्हींना जी खोल, लोहाची किंचित छटा असलेली चव आहे तिच्यापुढे फिले मला अळणी वाटतो. हँगर एका जनावरात एकच निघतो, त्यामुळे दुकानाच्या काचेमागे तो मांडण्याइतका कधी साठतच नसे. मांस कापणारे कारागीर तो घरी नेत, अशी त्याची ख्याती आहे. त्यांच्या हातांखालून सगळे जनावर जात असे आणि घरी न्यायला त्यांनी हा तुकडा निवडला, ही गोष्ट मला कोणत्याही दरपत्रकापेक्षा विश्वासार्ह वाटते. स्कर्ट अतिशय तापलेल्या तव्यावर दोन-दोन मिनिटे भाजायचा, आणि मग धाग्यांना आडवा, पातळ कापायचा. लांब धागा दातांना तोडावा लागतो; तोच सुरीने आधी तोडून ठेवला तर वातड वाटणारा तुकडाही तोंडात सहज मोकळा होतो. माझ्या वहीत सुरुवातीच्या पानांवर स्कर्टपुढे "चिवट" असा शेरा आहे आणि पुढच्या पानांवर "उत्तम". मधल्या काळात मांस बदलले नव्हते, सुरीची दिशा बदलली होती.

आता वजनाकडे येते, कारण किमतीचा विचार काट्यावरच्या आकड्यावर थांबवला तर तो अर्धवट राहतो. समजा, खांद्याच्या बिनहाडी तुकड्याचा दर एक आहे आणि साफ केलेल्या फिलेचा चार. माझ्या नोंदींप्रमाणे खांद्याचा एक किलो मंद आचेवर शिजून ताटात सुमारे सहाशे ग्रॅम येतो, कारण चरबी वितळते आणि पाणी सुटते. फिले मध्यम कच्चा भाजला तर आठशे ग्रॅम उरतो. म्हणजे ताटातल्या किलोला खांदा 1.67 दराने पडला आणि फिले 5 दराने. काट्यावरची चौपट ताटात तिप्पट झाली. हा फरक फिलेच्या बाजूचा आहे आणि तो मान्य करायला हवा. पण आता हाडासकट बरगड्यांचे तुकडे घेऊ, ज्यांना शॉर्ट रिब्ज म्हणतात. त्यांचा दर दोन धरला, म्हणजे फिलेच्या निम्मा, तरी हाड आणि चरबी वजा जाता ताटात किलोमागे जेमतेम तीनशे तीस ग्रॅम मांस येते. दर झाला सहा. निम्म्या दराचा म्हणून आणलेला तुकडा ताटात फिलेपेक्षा महाग पडला. हे गणित पहिल्यांदा मांडले तेव्हा मी काटा दोनदा तपासला होता. बरगड्यांची चव अप्रतिम असते, आणि ज्याला ती हवी त्याने ती जरूर घ्यावी. मात्र काटकसर म्हणून घेऊ नये.

या गणितात एक गोष्ट मात्र निसटते. तव्यावर भाजताना जे वजन जाते ते बव्हंशी वाफ होऊन जाते. झाकणाच्या भांड्यात, थोड्या पाण्यात शिजवताना जे जाते ते भांड्यातच राहते, रस म्हणून, वितळलेले कोलॅजन म्हणून, चरबी म्हणून. म्हणून मी पुढे पुढे शिजलेल्या मांसाबरोबर उरलेला रसही मोजू लागले, आणि तेव्हापासून नडगीचे मांस माझ्या वहीत पहिल्या स्थानावर गेले आणि तेथून हलले नाही.

नडगी म्हणजे पायाचा गुडघ्याखालचा भाग. अनेक लहान लहान स्नायू, प्रत्येकाभोवती पांढरे आवरण, आणि मधोमध मज्जेने भरलेले हाड. घाईने शिजवली तर नडगीसारखी निराशा करणारी दुसरी गोष्ट नाही. साठ-पासष्ट अंश सेल्सिअसला कोलॅजन आक्रसते आणि धाग्यांना पिळून त्यांतले पाणी बाहेर काढते. या टप्प्यावर भांडे उतरवले तर हातात येते ते रबरासारखे आणि कोरडे मांस. सत्तर अंशांच्या पुढे तेच कोलॅजन हळूहळू विरघळू लागते आणि जिलेटिन बनते, पण त्याला तास लागतात. तीन तास, चार तास. जनावर वयाने मोठे असेल तर त्याहूनही अधिक, कारण वयाबरोबर कोलॅजनच्या धाग्यांमधले बंध घट्ट होत जातात. (वय वाढलेल्या जनावराची चव मात्र अधिक खोल असते, आणि ज्याच्याकडे वेळ आहे त्याने अशा मांसाला नाक मुरडू नये.) पाणी रटरटू द्यायचे नाही, पृष्ठभाग फक्त थरथरत राहावा एवढीच आच ठेवायची. प्रेशर कुकरमध्ये तापमान 120 अंशांच्या आसपास जाते आणि तासाभरात काम होते. मी घाईच्या दिवशी तसे करते, पण धागे थोडे कोरडे होतात हे जिभेला कळते. शिजल्यावर मांस रसातच निवू द्यावे. निवताना ते थोडा रस परत शोषून घेते आणि दुसऱ्या दिवशी गरम केल्यावर आदल्या रात्रीपेक्षा चांगले लागते. जिलेटिनमुळे रसाला जो दाटपणा येतो, ओठांना ओठ किंचित चिकटावेत असा, तो कोणत्याही पिठाने आणता येत नाही.

सगळेच पांढरे पापुद्रे विरघळतात असे मात्र नाही. कोलॅजन विरघळते, इलॅस्टिन विरघळत नाही. फिलेवरचा चकचकीत रुपेरी पडदा किंवा मानेतला पिवळसर जाड दोरखंड कितीही शिजवला तरी तसाच राहतो, आणि तो आधी सुरीने काढून टाकणे हाच उपाय आहे.

मऊपणाच्या विरोधात मी इतके लिहिले आहे, तर माझ्या मतात ज्या घटनेने बदल केला तीही सांगायला हवी. आईचे दात गेले तेव्हा मला मऊपणा ही चैनीची गोष्ट वाटेनाशी झाली. जिला चावता येत नाही तिच्यासाठी मऊ मांस हे जेवणाच्या पंगतीत बसण्याचे साधन असते. मी तिच्यासाठी फिले आणू लागले, बारीक कापून, जरा कमीच शिजवून. ती खात असे, पण निमूटपणे. एकदा नडगी चार तास शिजवली होती. ती माझ्यासाठी होती, आणि तिच्यासाठी नेहमीप्रमाणे फिलेचे काप वेगळे ठेवले होते. तिने माझ्या ताटातला एक तुकडा मागून घेतला, जिभेने टाळूवर दाबला, आणि म्हणाली, "हे चावावंच लागत नाही गं, आणि याला काहीतरी चव आहे." त्यानंतर फिले आमच्याकडे तिच्यासाठी आला नाही. मऊपणा दोन प्रकारचा असतो हे मला त्या दिवशी उमगले: एक स्नायूतच असलेला, जो विकत मिळतो, आणि दुसरा वेळ देऊन घडवलेला, जो चव न गमावता येतो.

वेळालाही किंमत असते, हा आक्षेप रास्त आहे. चार तासांचे इंधन आणि त्या काळात घरी असण्याची मुभा सर्वांना नसते. ज्याच्या हाताशी अर्धाच तास आहे त्याने काय घ्यावे, या प्रश्नाचे मला सापडलेले सर्वांत समाधानकारक उत्तर खांद्यात आहे, आणि तेही अनपेक्षित ठिकाणी.

खांदा हा कष्टाचा भाग, म्हणून तो सरसकट शिजवण्याच्या किंवा खिम्याच्या रांगेत टाकला जात असे. विसावे शतक सरून एकविसावे लागण्याच्या सुमारास अमेरिकेतील नेब्रास्का आणि फ्लोरिडा या विद्यापीठांतील संशोधकांनी खांद्याचे आणि मांडीचे स्नायू एकेक सुटे करून तपासले, आणि त्यातून एक जुनीच पण दुर्लक्षित गोष्ट ठळकपणे पुढे आली: खांद्याच्या फऱ्यावर बसलेला एक चपटा स्नायू मऊपणात फिलेच्या लगोलग दुसरा लागतो. त्याच्या मधोमध एक जाड, न विरघळणारी शीर आडवी जाते, आणि तिच्यामुळे तो तुकडा आजवर बदनाम होता. त्या शिरेच्या वरून आणि खालून सुरी चालवून स्नायूचे दोन पातळ फलक सुटे केले की हातात येतो तो फ्लॅट आयर्न. त्याच्यात चरबीची बारीक नक्षी असते, खांद्याची चव पुरेपूर असते, आणि आठ-दहा मिनिटांत तो तव्यावरून उतरतो. मोल आणि चव यांचा मेळ घालणारा एकच भाजण्याचा तुकडा सांगा, असे कोणी विचारले तर मी दुसरे नाव घेणार नाही. सुरी कोठे फिरवायची ही माहिती मांसाच्या किमतीत किती मोठा वाटा उचलते, हे या एका तुकड्यात दिसते.

खांद्यातच आणखी एक तुकडा दडलेला असतो. पाठीच्या कण्याला समांतर जाणारा एक लांब स्नायू मानेच्या बाजूपासून पार कमरेपर्यंत पोहोचतो, आणि रिबआय म्हणून जो गाजलेला, महाग तुकडा मिळतो तो याच स्नायूचा बरगड्यांवरचा भाग आहे. अमेरिकी पद्धतीत खांदा आणि बरगड्या पाचव्या व सहाव्या बरगडीच्या मधून वेगळ्या करतात. ही रेषा माणसाने आखलेली आहे. स्नायूला तिची खबर नसते. रेषेच्या अलीकडे, खांद्याच्या बाजूला, तोच स्नायू आणि त्याला बिलगलेले शेजारी बोटभर पुढे चालूच असतात, आणि ते चक आय या नावाने बऱ्याच कमी दरात मिळतात. एका जनावरात असे काप मोजकेच निघतात आणि आकार थोडा ओबडधोबड असतो. मला आकाराचे सोयरसुतक नाही.

स्वस्त ते चवदार, असा उलटा नियम करण्याचा मोह मला काही काळ झाला होता. तो मांडीच्या मागच्या बाजूच्या गोल, आखीव, दंडगोलासारख्या तुकड्याने मोडून काढला. आय ऑफ राउंड. दिसायला हुबेहूब फिले, दर हाताच्या आवाक्यातला. पण त्याच्यात भाजण्याजोगा मऊपणा नाही, आणि शिजवायला घ्यावा तर विरघळून ओलावा देण्याइतके कोलॅजन किंवा चरबीही नाही. चार तासांनी तो तुटतो खरा, पण भुशासारखा. पातळ चकत्या करून खाण्यापलीकडे मला त्याचा चांगला उपयोग सापडलेला नाही. तसाच अनुभव तयार चौकोनी तुकड्यांच्या पाकिटाचा. एका दुकानातून मी ते सलग बरेच दिवस घेत होते. निरनिराळ्या स्नायूंची कापताना उरलेली टोके त्यात एकत्र केलेली असत, आणि एकाच भांड्यात काही तुकडे विरघळून जात असताना काही दाताला दाद देत नसत. कोणत्या स्नायूला किती वेळ द्यायचा हे ठरवता आले नाही तर दर कितीही कमी असो, तो पैसा वाया जातो. आता मी खांद्याचा अखंड तुकडा घेते आणि घरी स्वतः कापते.

चरबीविषयी थोडे सांगायला हवे, कारण दर चढवणारी ती दुसरी गोष्ट आहे. अमेरिकेत बाराव्या आणि तेराव्या बरगडीच्या मधला छेद पाहून प्राइम, चॉइस, सिलेक्ट असे दर्जे देतात; जपानमध्ये सहाव्या-सातव्या बरगडीपाशी पाहतात आणि मुरलेल्या चरबीला 1 ते 12 असे गुण देतात. ही पारख पाठीच्या एकाच स्नायूवर होते, आणि वरच्या दर्जाचे पैसे मोजावेत ते त्याच भागातल्या, झटपट भाजायच्या तुकड्यांसाठी, जेथे ही चरबी मांस ओलसर ठेवते आणि सुगंध वाहून नेते. नडगी किंवा छातीचा तुकडा तासन्‌तास शिजवायचा असेल तर तेथे ओलावा कोलॅजन देते, आणि वरच्या दर्जाचा फारसा फायदा मला कधी जाणवला नाही. फिलेच्या बाबतीत मात्र दर्जाचा फरक चवीत लगेच कळतो, कारण त्याच्याकडे स्वतःचे सांगण्यासारखे कमी आहे.

नावांवर विसंबू नये, हे एवढे जाता जाता. अमेरिकेत ज्याला सर्लॉइन म्हणतात त्याला ब्रिटनमध्ये रंप म्हणतात, आणि ब्रिटनमधला सर्लॉइन पाठीच्या वेगळ्याच, अधिक महाग भागातून येतो. नाव विचारण्याऐवजी कोणत्या हाडाजवळचा स्नायू, असे विचारले तर उत्तर नेमके मिळते, आणि विकणाराही मग अधिक आपुलकीने बोलतो असा माझा अनुभव आहे.

उद्या चार माणसे जेवायला येणार आहेत, आणि त्यांतल्या एकाने फिलेची आठवण काढली आहे. मी फऱ्यावरचा तो चपटा तुकडा आणला आहे. मधली शीर काढली, आणि दोन्ही फलक मिळून एक किलो शंभर ग्रॅम भरले. शिरेचे आणि कडांचे एकशे नव्वद ग्रॅम रसासाठी भांड्यात गेले. मांसाला त्याच्या वजनाच्या एक टक्का मीठ चोळून ते रात्रभर उघडेच फ्रिजमध्ये ठेवणार आहे, म्हणजे मीठ आत जाईल आणि वरचा ओलावा सुकेल. ओलसर पृष्ठभाग शंभर अंशांच्या वर जाऊ शकत नाही, आणि खरपूसपणा देणारी मायार अभिक्रिया 140 अंशांच्या आसपास खऱ्या अर्थाने वेग घेते. ताटातल्या वजनाचा रकाना अजून रिकामा आहे.